पाच लाखांचा चेक परत आला, मधल्या काळात एक लाख जमा झाले. नोटीस किती रकमेची काढायची?

टेरी_अक्कलकोट_रोड | २० फेब्रुवारी २०२६

नमस्कार मंडळी. एमआयडीसीत टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे, प्रोप्रायटरशिप. हैदराबादच्या एका होलसेल पार्टीला एजंटमार्फत माल गेला. पुन्हा विचारावं लागू नये म्हणून सगळा तपशील एकदमच देतो.

पहिलं बिल १२ सप्टेंबर २०२५, रु. २,३८,०००. दुसरं ८ ऑक्टोबर, रु. २,६२,०००. तिसरं ३ नोव्हेंबर, रु. २,१२,४००. एकूण ७,१२,४००. पहिल्या दोन बिलांपोटी ५ लाखांचा चेक मिळाला, त्यावर तारीख ५ जानेवारी २०२६. चेक टाकण्याआधीच २० जानेवारीला पार्टीने आरटीजीएसने १ लाख पाठवले. कोणत्या बिलापोटी ते लिहिलं नाही. लेजरला आम्ही 'ऑन अकाउंट', म्हणजे कोणत्याही एका बिलाला न लावता, जमा केले. २ फेब्रुवारीला चेक सोलापूरच्या शाखेत भरला, त्याच संध्याकाळी बँकेचा एसएमएस आला, 'फंड्स इनसफिशिएंट'. रिटर्न मेमो (चेक परत केल्याचा बँकेचा कागद) ६ तारखेला हातात पडला.

पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) नाही, ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर. बिलावर 'पेमेंट ६० दिवस' असं छापलेलं आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) २५ सप्टेंबर २०२५ ची.

पार्टी म्हणते, मार्चअखेर चेक पुन्हा टाका, पास होईल. नोटीस पाठवायची तर किती रकमेची आणि कधीपर्यंत? केस हैदराबादला करावी लागेल का? उद्यमचा काही उपयोग होतो का?

गठ्ठा_बांधणी | २० फेब्रुवारी

मेमो ६ ला मिळाला ना, मग ६ पासून ३० दिवस मोजा, ८ मार्चपर्यंत वेळ आहे. नोटीस सगळ्या बाकीची काढा, ६,१२,४०० अधिक २४ टक्के व्याज अधिक वकील फी. एकाच नोटिशीत काम होतं. केस मात्र पार्टीच्या गावाला, म्हणजे हैदराबादला.

वकील_जुळे_सोलापूर | २० फेब्रुवारी

वरच्या उत्तरातल्या तिन्ही गोष्टी बाजारात रोज सांगितल्या जातात आणि तिन्ही घातक आहेत. एकेक घेऊ.

मुदत. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, म्हणजे चेकचा कायदा) कलम १३८ प्रमाणे चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाली की तिथून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची. कायद्यात 'माहिती' हा शब्द आहे, मेमोचा कागद हातात पडला ती तारीख नव्हे. एसएमएस २ तारखेचा आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक क्लिअरिंग दिवसभर सलग चालतं, त्यामुळे सकाळी टाकलेला चेक त्याच संध्याकाळी परत येऊ शकतो, आणि समोरचा वकील बँकेची नोंद काढून तीच तारीख कोर्टासमोर ठेवतो. २ फेब्रुवारी सोडून मोजा: ३० वा दिवस ४ मार्च. त्याच सुमाराला धुळवडीची सुट्टी येते, तेव्हा २५ फेब्रुवारीच्या आत पोस्टात टाकलेली बरी. ही मुदत चुकली तर माफी नाही. पुढे तक्रार दाखल करायला उशीर झाला तर कारण दाखवून कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीच्या उशिराला तशी सोय नाही. लोक नेमकं उलटं समजतात.

रक्कम. नोटिशीत मागणी चेकच्या रकमेची, तेवढीच: रु. ५,००,०००. व्याज, फी, तिसरं बिल हे सगळं एका आकड्यात मिसळून '६,९०,००० द्या' असं लिहिलं की नोटीसच पडते. 'कावेरी प्लास्टिक्स'च्या निकालात (सप्टेंबर २०२५) सुप्रीम कोर्टाने तर टायपिंगची चूक म्हणून चुकलेली रक्कमही चालवून घेतली नाही. मसुदा जुन्या नोटिशीवरून कॉपी-पेस्ट करताना रक्कम, चेक नंबर, मेमोची तारीख या तीन जागी घोळ होतो. सही करण्याआधी चेकची झेरॉक्स शेजारी ठेवून वाचा. उरलेल्या बाकीसाठी वेगळं पत्र, वेगळ्या जावक क्रमांकाने.

ठिकाण. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, खात्यात भरलेल्या चेकची केस ज्याला पैसे यायचे त्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते. तुमचं खातं सोलापुरात, तर तक्रार सोलापूरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तारखेला पार्टीने इकडे यायचं.

आता मार्चअखेरची गोष्ट. तीन महिन्यांच्या मुदतीत चेक कितीही वेळा टाकता येतो आणि दुसऱ्यांदा परत आला तर त्यावरूनही नोटीस देता येते. 'एमएसआर लेदर्स' (२०१२) मध्ये ते स्पष्ट झालंय. पण ५ जानेवारीचा चेक ४ एप्रिलपर्यंतच जिवंत. मार्चअखेरीला रामनवमी, महावीर जयंती, १ एप्रिलचा बँकांचा वार्षिक हिशेब, मग गुड फ्रायडे. पार्टीने 'आजच्या दिवस थांबा' असं दोनदा म्हटलं की चेक शिळा झाला आणि पहिल्या नोटिशीची मुदतही गेलेली. पार्टी मार्चअखेर का म्हणते हे तुम्हीच ठरवा.

त्या १ लाखाचं मात्र नीट बघायला हवं. ते देताना पार्टीने बिलाचा उल्लेख कुठे केला आहे का? व्हॉट्सअ‍ॅप, एजंटचा मेसेज, व्हॉइस नोट, काहीही. आणि पार्टी प्रोप्रायटर, भागीदारी की प्रायव्हेट लिमिटेड? त्यावर अर्धी नोटीस ठरते.

टेरी_अक्कलकोट_रोड | २१ फेब्रुवारी

धन्यवाद साहेब. पार्टीचा मेसेज एवढाच: 'एक लाख डाला है, बाकी अगले हफ्ते'. बिल नंबर नाही. एजंटच्या मेसेजमध्येही नाही. पार्टी भागीदारी फर्म आहे. चेकवर फर्मचा शिक्का आणि एका भागीदाराची सही. बिलावर त्यांच्या दुकानाचा पत्ता आहे, जीएसटी पोर्टलवर गोडाऊनचा दिसतो.

वकील_जुळे_सोलापूर | २१ फेब्रुवारी

मेसेज तुमच्या बाजूचा आहे, पण काम अर्धंच झालंय.

करार कायद्याचं कलम ५९ सांगतं की देणेकऱ्याने कोणतं देणं फेडतोय हे सांगितलं तर ते बांधील. त्याने नाही सांगितलं आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर कलम ६० प्रमाणे घेणारा ती रक्कम कोणत्याही थकलेल्या देण्यात वळती करू शकतो. दोघांनीही काही केलं नाही तर कलम ६१: जुन्यात जुनं देणं आधी. तुम्ही 'ऑन अकाउंट' लिहून तिसऱ्या वाटेवर उभे आहात. तिथे १ लाख पहिल्या बिलात जातात, चेकखालचं देणं ४ लाखांवर येतं आणि पार्टी म्हणणार, ५ लाखांचा चेक ४ लाखांच्या देण्यासाठी टाकला. २०२२ च्या दशरथभाई पटेल खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय: चेक दिल्यानंतर काही रक्कम मिळाली असेल तर चेकच्या कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे चेकवर तशी नोंद करून उरलेल्या रकमेपुरताच तो वापरायचा, पूर्ण रकमेचा टाकला आणि तेवढं देणं त्या दिवशी नसेल, तर १३८ चा गुन्हाच होत नाही.

तुमच्याकडे दोन उत्तरं आहेत. चेक टाकला त्या दिवशी एकूण बाकी ६,१२,४०० होती, चेकपेक्षा जास्त. आणि तिसऱ्या बिलाचे ६० दिवस २ जानेवारीला संपलेले असल्याने २० जानेवारीला तेही थकलेलंच होतं, म्हणजे १ लाख त्यात वळते करायला कलम ६० मोकळीक देतं. आजच लेजरला तशी जर्नल नोंद करा, आजच्याच तारखेने. मागची तारीख घालायचा मोह टाळा, संगणकातल्या नोंदीची वेळ उलटतपासणीत निघते. मग पार्टीला साधं पत्र आणि ईमेल: '२० जानेवारीचे रु. १,००,००० बिल क्र. अमुक, दि. ३ नोव्हेंबर, रु. २,१२,४०० मध्ये जमा केले आहेत. त्या बिलाची बाकी रु. १,१२,४००.' हेच वाक्य नोटिशीच्या मजकुरातही घ्या, पण मागणीच्या परिच्छेदात आकडा ५,००,००० च. पार्टी 'परिस्थितीवरून ते चेकपोटीच होते' असा वाद घालेल. तो पुराव्याचा मुद्दा आहे, पण १ लाखाची गोष्ट नोटिशीत लपवली तर वाद घालायलाही जागा उरणार नाही.

भागीदारी असल्यामुळे नोटीस फर्मच्या नावाने, सही करणाऱ्या भागीदाराला आणि धंदा सांभाळणाऱ्या बाकी भागीदारांना. तक्रारीतही फर्म आरोपी क्र. १. फर्म सोडून नुसता सही करणारा आरोपी करून वादाला जागा ठेवू नका. झोपलेल्या (धंद्यात लक्ष न घालणाऱ्या) भागीदाराला ओढू नका; चेकच्या कायद्याच्या कलम १४१ खाली तो रोजचा व्यवहार पाहत होता हे तक्रारीत लिहावं लागतं, आणि बिनबुडाचं लिहिलं तर त्याचं प्रकरण रद्द करायला तो हायकोर्टात जातो. आपल्या जिल्ह्यासाठी ते आता कोल्हापूर सर्किट बेंच, ऑगस्ट २०२५ पासून.

नोटीस दोन्ही पत्त्यांवर पाठवा, दुकान आणि गोडाऊन. जुन्या सवयीने लोक 'आरपीएडी' (पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट) मागतात. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय. खिडकीवर स्पीड पोस्टबरोबर 'रजिस्ट्रेशन' ही जादा सेवा आणि प्रूफ ऑफ डिलिव्हरी मागून घ्या. पावती थर्मल कागदाची असते, सहा महिन्यांत पांढरी पडते. त्याच दिवशी दोन झेरॉक्स काढा आणि ट्रॅकिंगचं पान पोच झाल्याबरोबर प्रिंट करा, ते नंतर साइटवरून निघून जातं. पाकीट 'नॉट क्लेम्ड' किंवा 'रिफ्यूज्ड' शेऱ्याने परत आलं तर फोडू नका, तसंच बंद ठेवा. पत्ता बरोबर असेल तर ते पोचल्यासारखंच धरतात. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत पाठवाच, पण पोस्टाला पर्याय म्हणून नाही.

पुढच्या तारखा. समजा नोटीस २७ फेब्रुवारीला पोचली. पार्टीला १५ दिवस, म्हणजे १४ मार्चपर्यंत. त्याआधी तक्रार टाकली तर ती अवेळी म्हणून बाद. १५ मार्चपासून एक महिना, इथे महिना कॅलेंडरचा, ३० दिवस नव्हे. १४ एप्रिल आंबेडकर जयंतीची सुट्टी. १३ एप्रिलच्या आत दाखल करायची असं धरून चाला. तक्रारीला चेकच्या रकमेवर कोर्ट फी लागते, ती आधी काढून ठेवा.

लावायचे कागद: मूळ चेक, मेमो, नोटिशीची प्रत, पोस्टाच्या पावत्या, पोच, तिन्ही बिलं, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), ई-वे बिल, लेजर, बँक उतारा, आणि चेकच्या कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे प्रतिज्ञापत्र. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंटला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, भाग 'अ' आणि 'ब' दोन्ही. 'ब' वर तज्ज्ञाची सही असते. फोन बदलायचा विचार असेल तर केस संपेपर्यंत जुना फोन विकू नका.

ताळेबंद | २१ फेब्रुवारी

चेकचं वरती नीट आलंय. उद्यम आणि टॅक्सच्या बाजूचं मी लिहितो, कारण पार्टी हलते ती बऱ्याचदा याने.

आधी निराशा: पहिलं बिल १२ सप्टेंबरचं, उद्यम २५ सप्टेंबरचं. नोंदणीच्या आधी पुरवलेल्या मालाला विलंबित देयकाचं (उशिरा मिळणाऱ्या पैशांचं) संरक्षण मिळत नाही असं सुप्रीम कोर्टाने 'सिल्पी इंडस्ट्रीज'मध्ये (२०२१) म्हटलंय. तो मुद्दा पुढे मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे, पण त्या भरवशावर पहिलं बिल सुविधा परिषदेच्या (लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांची प्रकरणं चालवणारं सरकारी मंडळ) अर्जात घालून सगळा अर्ज हरकतीत अडकवू नका. दुसरं आणि तिसरं बिल घ्या. तुमच्या प्रमाणपत्रावर 'मॅन्युफॅक्चरिंग' आहे का बघा. नुसता 'ट्रेडिंग' असेल तर ती नोंदणी बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच. चादर-टॉवेल दुसऱ्याकडून घेऊन विकणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच जणांना हे अर्ज नाकारल्यावर कळतं.

बिलावर छापलेले ६० दिवस विसरा. एमएसएमईडी कायदा २००६ (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा), कलम १५: लेखी ठरलं असलं तरी माल स्वीकारल्यापासून कमाल ४५ दिवस, काहीच ठरलं नसेल तर १५. माल पोचल्यापासून १५ दिवसांत पार्टीने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. म्हणून बिल्टीवर पोच झाल्याची सही-शिक्का आणि तारीख असलेली प्रत ट्रान्सपोर्टकडून आताच मागवा, ते वर्षभराने देत नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. डिसेंबर २०२५ मध्ये बँक रेट ५.५० टक्के झाला, म्हणजे साडेसोळा टक्के. बिलावर २४ टक्के छापून कोर्टात घासाघीस करण्यापेक्षा हे कायद्याने मिळणारं व्याज मागा.

अर्ज ऑनलाइन, एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर. विक्रेता ज्या राज्यात तिथली सुविधा परिषद प्रकरण चालवते, खरेदीदार देशात कुठेही असो. सोलापूरसाठी ती पुणे विभागाची. आधी समेट, तो फिसकटला तर लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलंय. त्यापेक्षा जास्त धरून चाला. पण निवाडा तुमच्या बाजूने लागला की पार्टीला तो आव्हानित करायला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, आणि हेच या कायद्याचं खरं दात आहे. वसुली हैदराबादच्या कोर्टात थेट लावता येते.

चेकची केस आणि हा अर्ज एकाच वेळी चालतात. दोन्हीकडे आकडा जुळवा: परिषदेत दुसऱ्या बिलाची रक्कम मागताना ती चेकमध्येही आहे हे लिहा, आणि तिसऱ्या बिलाची बाकी १,१२,४०० च दाखवा. एका ठिकाणी १ लाख वजा आणि दुसरीकडे नाही, असं झालं की दोन्हीकडे अडचण.

आता टॅक्स. बिलापासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर पार्टीला घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावं लागतं. तुमच्या पहिल्या बिलाचे १८० दिवस ११ मार्चला, दुसऱ्याचे ६ एप्रिलला, तिसऱ्याचे २ मे ला पुरे होतात. दुसरं, आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच): सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं कलम १५ च्या मुदतीत दिलं नाही आणि ३१ मार्चलाही बाकीच राहिलं, तर त्या वर्षी पार्टीला तो खर्च वजा मिळत नाही. दोन्ही गोष्टी एका पानाच्या पत्रात, उद्यम क्रमांक, बिल क्रमांक आणि तारखांसह, मार्चच्या पहिल्या आठवड्यात पार्टीला आणि जमलं तर त्यांच्या अकाउंटंटला पाठवा. धमकीची भाषा नको. तारखाच पुरेशा बोलतात. ही सूट-वजावट पार्टीची आहे, ती गेली म्हणून तुमच्या हातात पैसे येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आणि पैसे येत नाहीत म्हणून क्रेडिट नोट काढून भरलेला जीएसटी परत मिळवायला जाऊ नका. माल परत आला, दर किंवा कर जास्त लागला, माल खराब निघाला, अशा कारणांनाच क्रेडिट नोट चालते. बुडीत उधारी त्यात बसत नाही. शिवाय ती नोट पार्टी कोर्टात दाखवणार: 'बघा, यांनीच देणं कमी केलं.'

टेरी_अक्कलकोट_रोड | २३ फेब्रुवारी

आज एजंटचा फोन होता. पार्टी ४ लाखांचा नवा चेक द्यायला तयार, तारीख ३० एप्रिल. अट: जुना चेक परत द्या आणि नोटीस पाठवू नका. एजंट म्हणतो मी जबाबदार. घ्यावा का?

वकील_जुळे_सोलापूर | २३ फेब्रुवारी

४ लाख हा आकडा ऐकलात ना? १ लाख चेकपोटी होते हे ते तुमच्याकडूनच कबूल करून घेत आहेत. जुना चेक परत दिला की १३८ चा पायाच गेला, आणि ३० एप्रिलला नवा चेकही परत आला तर पुन्हा पहिल्यापासून.

नोटीस पाठवा, उद्याच. नोटीस दिली म्हणजे केस केलीच पाहिजे असं नाही; तुमचे पर्याय त्याने शाबूत राहतात एवढंच. आणि ती तुम्ही स्वतःच्या सहीनेही देऊ शकता, वकिलाचीच लागते असा नियम नाही. वेळ कमी असेल तर वकिलाच्या सवडीसाठी अडून राहू नका.

समेट करायचाच असेल तर लेखी, सगळ्या भागीदारांच्या सह्यांनी. त्यात तिन्ही बिलांचे नंबर, आजची बाकी ६,१२,४०० मान्य असल्याचं वाक्य, प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम, एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय, आणि जुना चेक शेवटचा हप्ता खात्यात आल्यावरच परत. बाकी मान्य करणारं हे सहीचं वाक्य दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदतही नव्याने सुरू करतं. हप्त्यांचे चेक बिलवार वेगवेगळे घ्या, म्हणजे मधे थोडे पैसे आले की 'कशापोटी' हा प्रश्नच येत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: पहिला हप्ता १३ एप्रिलनंतरचा ठेवला तर जुन्या चेकची तक्रार करायची मुदत तोवर संपलेली असेल. पहिला हप्ता मार्चमध्येच, आणि तोही मोठा.

एजंट 'जबाबदार' असेल तर तेही लेखी: 'पार्टीने न दिल्यास मी देईन', रकमेसह, सहीने. ते द्यायला तयार नसेल तर तो फक्त साक्षीदार. चेकवर त्याची सही नाही, त्याला आरोपी करता येत नाही.

टेरी_अक्कलकोट_रोड | २४ फेब्रुवारी

नोटीस दोन्ही पत्त्यांवर गेली, फर्म आणि दोन भागीदार, एकूण सहा पाकिटं. १ लाखाचं पत्र वेगळं पाठवलं. एजंटला लेखी मागितलं तर म्हणाला उद्या सांगतो.

ताळेबंद | २४ फेब्रुवारी

सहाही ट्रॅकिंग नंबर एका कागदावर लिहून ठेवा, कोणतं पाकीट कोणाचं ते समोर. दोन पत्त्यांवर दोन वेगळ्या तारखांना पोचली तर १५ दिवस नंतरच्या तारखेपासून मोजा, आणि तक्रारीचा महिना आधीच्या तारखेवरून.

गठ्ठा_बांधणी | २४ फेब्रुवारी

माझं ६ तारखेचं गणित मागे घेतो. बिलबुकाचं पुढचं छापखान्यात टाकाल तेव्हा '६० दिवस' काढून '४५ दिवस' करा आणि उद्यम नंबर ठळक छापा, 'सूक्ष्म उद्योग, उत्पादक' या शब्दांसह.

वकील_जुळे_सोलापूर | २४ फेब्रुवारी

आणि 'सोलापूर न्यायक्षेत्र' ही ओळही. ती छापलेली असते पण पार्टीची सही नसते. ऑर्डर कन्फर्म करताना व्हॉट्सअ‍ॅपवर बिलाच्या अटी पाठवून 'ओके' मागून घेत चला.